मुळशीची बारावी सिनेमाला गेली

बबन, सुरेश, कमल आणि मी, बारावीतले आम्ही चौघं अजूनही कुणाच्या लग्नात भेटलो की ताटातला भात गार होतो. एकाने किस्सा काढला की दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो! आणि निम्मे किस्से त्या एकाच सिनेमाचे. कॉलेजातला पोरगा, कॉलेजातली पोरगी, एक स्कूटर आणि दोन्हीकडचे चिडलेले बाप. आम्ही पार वेडे झालो होतो!

घरी सांगितलं, "पुण्यात प्रॅक्टिकल हाय." आम्ही होतो आर्ट्सला. पण आर्ट्सला कसलं प्रॅक्टिकल, हे विचारायला कुणाच्याच घरात बारावी झालेलं माणूस नव्हतं.

*

सोमवारी बबन हिरोसारखी झुलपं कपाळावर सोडून आला. त्याच्या घरी मेंढरं. वडिलांनी त्याला एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "उद्या मेंढरांची कातरणी हाय. तूबी रांगेत बस."

मंगळवारी बबन टोपी घालून वर्गात आला.

*

सुरेशने बेलबॉटम शिवून घेतली. शिंपीमामांनी सिनेमा पाहिलेला नव्हता, त्यामुळे सुरेशने हात पसरून दाखवला तेवढा घेर त्यांनी इमानदारीत ठेवला. तीच पँट घालून हा भाताच्या आवणीला, रोपं लावायला, खाचरातल्या चिखलात उतरला. वर आला तर एका पायातून बेडूक निघाला.

आई म्हणाली, "दुसरा पाय झटक. मासा असला तर कालवण हुईल."

*

मराठीच्या सरांना पत्ता लागलाच. "कोण कोण गेलं होतं, उभे राहा." आम्ही चौघं उभे. आता घरी चिठ्ठी जाणार!

सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "शेवटी ती दोघं घरी परत येतात का रे? माझी शेवटची एसटी होती, मला मधेच उठावं लागलं."

*

पण कमलची गोष्टच वेगळी. आमच्यातली सगळ्यात हुशार तीच, आणि सहामाही संपते न संपते तोच तिला बघायला पाहुणे आले. लग्न जमलं की शाळा सुटली, हे ठरलेलंच. आदल्या दिवशी ती माझ्याजवळ खूप रडली.

मी पोह्यांच्या बशा घेऊन दारातच उभी होते. तेव्हा मुलीला चालायला लावायचे, सुई ओवून घ्यायचे. पाय आणि डोळे धड आहेत ना! मुलाचे मामा म्हणाले, "पोरी, जरा चालून दाखव."

सिनेमातल्या पोरीने अशा वेळी केलं होतं तेच कमलने केलं. मान वर करून ती मुलाला म्हणाली, "आधी तुमी चालून दाखवा. मग सांगा, मला मार्चची परीक्षा देऊ द्याल का?"

तिच्या वडिलांनी डोळेच मिटले. मी बशा उंबऱ्यावरच ठेवल्या.

मुलगा उठला. दारापर्यंत गेला, परत आला, सतरंजीवर बसला. "परीक्षा द्या की. म्होरं शिकला तरी माझी हरकत न्हाई."

मामांनी टोपी चढवली. "उठा रं. पोरगी सिनेमातली दिसती."

मुलगा जागचा हलला नाही. "मामा, बसा. माझं सुई ओवायचं राहिलंय."