ताईंना न आवडलेली गाणी

एकोणीस वर्षं ताई त्या बँडचा आवाज सांभाळत होत्या, आणि एकोणीस वर्षांत त्यांना बँडचं एकही गाणं आवडलं नव्हतं.

बँड काही ऐरागैरा नव्हता. रॉक संगीतातले मोठे म्हणावेत असे सगळे सन्मान त्या चौघांच्या पदरात पडले होते. प्राध्यापक त्यांच्या गाण्यांवर जाडजूड पुस्तकं लिहीत, तरुण पोरं त्यांच्या ओळी दंडावर गोंदवून घेत. ताईंच्या घरीही तीच तऱ्हा. नवरा पोस्टमन. पत्रं वाटतानाही हीच गाणी गुणगुणायचा आणि सुट्टीच्या दिवशी घर दणाणून सोडायचा. "नशीब काढलंस बाई," तो म्हणायचा. "लोक रांगा लावून मरतात आणि तू त्यांच्या पुढ्यात बसून ऐकतेस." ताई हसून वेळ मारून न्यायच्या.

त्यांना त्या गाण्यांचा राग होता असंही नाही. गिटारवाला कुठल्या सुराला हात किंचित मागे घेतो, गायकाचा श्वास कुठे संपतो, हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. चौघेही आपापल्या कामात अव्वल आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनी आवडून घ्यायचा प्रयत्नही करून पाहिला होता. एकटीने, अंधार करून, पुन्हा पुन्हा ऐकून. पण गाणं सुरू झालं की त्यांना वाटायचं, कुणीतरी आपले खांदे धरून गदागदा हलवतंय आणि म्हणतंय, रड, रड की आता. मग त्यांचं मन जे दार लावून बसायचं ते बसायचंच.

काम मात्र त्या जीव ओतून करायच्या. कान त्यांना वडिलांकडून मिळाले होते. वडिलांचं पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटारीला आणि मूठ कानाला लावून ते आतला दोष ओळखायचे. दहा वर्षांच्या असताना ताईही तसंच करून सांगायच्या, "बाबा, पुढचं बेअरिंग गेलंय." बहुतेक वेळा ते गेलेलं असायचं.

घोटाळा झाला तो एका साप्ताहिकामुळे. पडद्यामागच्या माणसांवर लेख लिहायला एक मुलगी आली होती. तासभर गप्पा मारून तिने उठता उठता विचारलं, "यांचं तुमचं सर्वांत आवडतं गाणं कोणतं?" ताईंना खोटं बोलायची सवय नव्हती आणि आजवर हा प्रश्न कुणी सरळ विचारलाही नव्हता. तोंडातून निघून गेलं, "खरं सांगू? एकही नाही."

आठ दिवसांनी तेच शब्द लेखाचा मथळा होऊन छापून आले.

सर्वांत आधी नवऱ्याने वाचलं. तो चिडला नाही. अंक घडी घालून टेबलावर ठेवत एवढंच म्हणाला, "तू हसायचीस तेव्हा मला वाटायचं, माझ्या वेडाची चेष्टा करतेस." आणि बूट घालून कामावर गेला. ताईंना वाटलं, त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी मोठा कार्यक्रम होता. उघडं मैदान, दुपारी चारची वेळ, तीस हजार माणसं, शिवाय टीव्हीवर थेट प्रक्षेपण. सकाळी ताई मैदानाच्या मधोमध असलेल्या आपल्या ओट्यावर, ध्वनिमिश्रणाच्या टेबलापाशी, तारा तपासत होत्या तेव्हा गायक तिथे आला. त्याच्या हातात तोच अंक होता.

"ताई, हे तुम्ही म्हणालात?"

"म्हणाले."

"एकोणीस वर्षं आमच्याबरोबर आहात तुम्ही."

"कामात कधी कमी पडले का?"

"प्रश्न तो नाही!" त्याचा आवाज चढला तशी तारा ओढणारी माणसं थबकली. "मी रोज तिथे उभा राहून आतडं पिळवटून गातो आणि समोर माझा आवाज ज्या हातात आहे, त्या बाईला त्याचं काहीच नाही? कसं गायचं मी?"

गायक अंक तिथेच टाकून गेला. मागोमाग कार्यक्रमाचा व्यवस्थापक आला. तो बँडचं सगळं बाहेरचं बघायचा आणि कुणाला दुखवायचं असलं की अगदी हळू बोलायचा. "ताई, आजचं नीट पार पाडा," तो म्हणाला. "या दौऱ्यानंतर आपण शांतपणे बसून बोलू." त्या बसण्याचा अर्थ काय हे ताईंना कळलं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. वारा सुटला होता. मंचावर दिव्यांचा लोखंडी सांगाडा चार साखळ्यांना टांगलेला होता, त्याच्या कडेचं काळं कापड फडफडत होतं. तिसरं गाणं चालू असताना ताईंना एक आवाज आला.

टक्.

त्या ताठ झाल्या. ड्रमच्या डोक्यावर दोन माइक होते, आवाज त्यांतून येत होता. झांजेच्या स्टँडचा स्क्रू ढिला असेल म्हणून त्यांनी हेडफोन चढवला आणि त्यात बाकी सगळं बंद करून तेवढेच दोन माइक कानात घेतले. ड्रमचा ठोका, झांज, पुन्हा ठोका. मग टक्. ठोक्याशी त्याचा काही संबंध नव्हता. गाणं संपलं, ड्रमरचे हात मांडीवर आले, तरी वाऱ्याचा झोत आला आणि टक्. लोखंडावर लोखंड. आवाज वरून येत होता.

त्यांनी फोनवर शिडीला गाठलं. उंचावर चढून दिवे टांगणारा हा माणूस इतका उंच आणि हडकुळा होता की सगळे त्याला शिडीच म्हणत.

"ड्रमच्या वर काहीतरी ढिलं झालंय," ताई म्हणाल्या.

"सकाळी मी स्वतः बघितलंय ताई. या वाऱ्यात सगळंच खडखडतंय."

"हे खडखडणं नाही रे. एकच सांधा बोलतोय."

"कार्यक्रम थांबल्याशिवाय मला वर जाता येत नाही. साहेबांना सांगा."

व्यवस्थापक मंचाच्या कडेला होता. ताईंनी त्याला फोनवर सांगितलं. तो नेहमीसारखा हळू बोलला, "ताई, आज हे तुम्ही बोलताय? आज? मी थेट प्रक्षेपण थांबवू, तुम्हाला काहीतरी टक् ऐकू आलं म्हणून?" आणि फोन बंद.

सहावं गाणं सुरू झालं, बँडचं सर्वांत लाडकं. तीस हजार गळे एकदम उघडले. शेजारी दिव्यांच्या टेबलावर बसणारा माणूस डोळे मिटून डोलत होता. अख्ख्या मैदानात त्या गाण्यात नसलेलं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाच्या डोक्यात आता भलताच किडा शिरला होता. हा आवाज मला ऐकू येतोय, की ऐकू यावा असं मला वाटतंय? आज सकाळी चार माणसांत पाणउतारा झाला, घरी नवरा बोलेनासा झाला. त्याचा वचपा म्हणून तर माझे कान हे खेळ करत नसतील? काही निघालं नाही तर लोक काय म्हणतील हा वेगळाच प्रश्न. पण तो आवाज खरा आहे की नाही, एवढं तरी मला माझं कळायला नको?

त्यांनी काळ्या कापडावर नजर रोखली. कापड फुगलं, टक्. कापड पडलं, काही नाही. पुन्हा फुगलं, टक्. मग एकाच झोतात दोनदा. टक्, टक्. दुसरा आवाज पहिल्यापेक्षा खालच्या सुरात होता. म्हणजे सांधा सरकत होता.

मन असे खेळ करेल, पण सूर उतरवून करणार नाही, असं ताईंना वाटलं.

त्यांच्या टेबलावर एक छोटा माइक होता. त्याचं बटण दाबलं की बोलणं फक्त ड्रमरच्या कानात जायचं. ताईंनी बटण दाबलं.

"ऊठ. काठ्या टाक आणि मागच्या बाजूने खाली उतर. डोक्यावरचं लोखंड सुटतंय."

ड्रमरचे हात चालूच राहिले. त्याने मान वर करून तीस हजार डोक्यांपलीकडे ताईंच्या ओट्याकडे पाहिलं. तेवढ्या अंतरावरून चेहरा दिसणं शक्यच नव्हतं.

"ताईचं ऐक रे बाळा. ऊठ."

तो उठला. ठोका मध्येच तुटला. बेसवाला वळून बघू लागला, गिटार दोन पावलं एकटीच चालली आणि अडखळली. त्याच क्षणी ताईंनी सगळा आवाज खाली ओढला.

क्षणभर मैदानात नुसता वारा ऐकू आला. मग आरडाओरडा सुरू झाला. गायक बंद माइकमध्ये काहीतरी बोलत होता. त्याला कळलं तसं त्याने माइक खाली केला आणि थेट ताईंच्या दिशेने हात पसरले. काय हे, असा. पाण्याची एक बाटली ओट्याच्या कठड्यावर येऊन आदळली. व्यवस्थापक गर्दी कापत आला. त्याचा आवाज आता मुळीच हळू नव्हता. "चालू करा! मी सांगतो चालू करा!"

"शिडीला वर जाऊ दे," ताई म्हणाल्या आणि दोन्ही पंजे पालथे बटणांवर ठेवले.

शिडी तोवर दोरखंड कमरेला लावून चढायला लागलाही होता. सांगाड्याच्या मागच्या कोपऱ्याशी तो पोचला, वाकला आणि तसाच वाकून राहिला. पाच मिनिटं गेली असतील. ताईंना ती पाच वर्षांइतकी वाटली. काही निघालं नाही तर, काही निघालं नाही तर, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग शिडीने दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर आडवे धरले. मंच रिकामा करा, अशी ती खूण होती.

साखळीला सांगाडा जोडणारी आट्यांची लोखंडी पिन निम्म्याहून जास्त बाहेर आली होती. खाली उतरल्यावर शिडी ताईंपुढे मान घालून उभा राहिला. "सकाळी आवळली होती मी," तो म्हणाला, "पण ती फिरू नये म्हणून वरून तार बांधायची राहून गेली. कदाचित संध्याकाळपर्यंत टिकलीही असती ताई. कदाचित पुढच्या झोतालाच गेली असती. मला खरंच सांगता येत नाही."

सव्वा तासाने, सांगाडा खाली उतरवून, उरलेला कार्यक्रम साध्या उन्हात झाला. गायकाने लोकांना सांगितलं की तांत्रिक अडचण होती. ताईंचं नाव त्याने घेतलं नाही. ताईंनी त्याचा आवाज नेहमीसारखाच स्वच्छ, नेहमीसारखाच पुढे ठेवला.

सामान भरताना ड्रमर आला. त्याने ताईंचा हात आपल्या कपाळाला लावला आणि तो गेला. गायक मात्र बराच वेळ दूर उभा राहून मग आला.

"पिन निघाली नसती तर?"

"उद्यापासून मी घरी बसले असते."

"आणि मी म्हणालो असतो, बाईने मुद्दाम केलं."

"म्हणालाच असतात."

"हो," तो म्हणाला. त्याच्या खरेपणाचं ताईंना बरं वाटलं. मग तो पेटीवर टेकला. "काय आवडत नाही ते तरी सांगा."

ताईंनी सांगितलं. खांदे धरून हलवण्याचं, रड म्हणण्याचं, सगळं. त्याचा चेहरा उतरला. "ते मी मुद्दाम करतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. आणि लोकांना तेच हवं असतं. मला नको असतं, एवढंच. त्यात तुमचं काही चुकत नाही आणि माझंही नाही."

त्याला ते पटलं नाही. पुढे कित्येक महिने तो ताईंशी कामापुरतंच बोलला. व्यवस्थापकाने शांतपणे बसून बोलायचा विषय पुन्हा काढला नाही, माफीही मागितली नाही. नवऱ्याने बातमी टीव्हीवर पाहिली होती. ताई घरी पोचल्या तेव्हा त्याने भात गरम करून ठेवला होता. त्यांनी चार घास खाल्ल्यावर म्हणाला, "मला आधी सांगायचंस ना. मी गाणी हळू लावली असती." त्यावर मात्र ताईंना रडू आलं.

बँड आणखी चार वर्षं चालला आणि चारही वर्षं ताई त्याच ओट्यावर होत्या. दुसऱ्या वर्षी गायकाने नव्या गाण्यांचं कच्चं ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. "आवडलं का ते विचारत नाही. कुठे आल्यावर तुमचं मन उठलं, तेवढं लिहा." ताईंनी प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद लिहून कागद परत पाठवला. त्यातल्या दोन ठिकाणी गायकाने बदल केला. बाकीच्या ठिकाणी काहीच बदललं नाही, आणि नेमक्या त्याच जागांवर पुढे मैदानंच्या मैदानं रडली.