प्रमिलाताईंचं नाक

प्रमिलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतःच्याच कोपराच्या खळगीत नाक खुपसून उभ्या होत्या. अंगात पांढरा कोट, डोळे मिटलेले, समोर टेबलावर सहा ग्लास. मला वाटलं, बाई रडतायत. टेक्सासमधल्या प्लेनोच्या त्या ऑफिसात माझा पहिलाच दिवस, त्यात मी जन्माची भित्री. दारातूनच मागे फिरणार होते. तेवढ्यात त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "नागपूरची नवी पोरगी ती तूच ना? जास्वंदीचं तेल लावून आलीयस. उद्यापासून नको हं. या खोलीत यायचं तर डोक्याला तेल नाही, अंगाला सेंट नाही, डब्यात लसूण नाही." मी चाचरत सॉरी म्हटलं. "आगं, घाबरतेस काय? नाक दमलं की आपल्याच कातडीचा वास घ्यायचा, म्हणजे ते पुन्हा ताळ्यावर येतं. रडत नव्हते मी."

आमची कंपनी फ्रान्सहून कोन्याक आणते. कोन्याक म्हणजे त्याच नावाच्या गावाच्या आसपास होणारी द्राक्षाची ब्रँडी. वाइन तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळायची, वाफ थंड करायची आणि जे उतरेल ते ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवून द्यायचं. आमच्यासाठी तिथले एक म्हातारे गृहस्थ, आंद्रे, पन्नासेक पिंपांतलं थोडं थोडं घेऊन मिश्रण जमवायचे. बाटल्या भरण्याआधी त्याचं सॅम्पल कुरियरने इकडे यायचं. ताई ते जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहायच्या आणि सही करायच्या. सही झाली की बाटल्या भरल्या जायच्या, कंटेनर बोटीवर चढायचा आणि काही आठवड्यांनी ह्यूस्टनला उतरायचा. मी कंपनीच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. माझ्या कॉम्प्युटरला त्या एका सहीशिवाय पुढे सरकता येत नसे.

आणि ही सही करणारी बाई स्वतः थेंबभरही प्यायची नाही! तासगावची, माहेरी बेदाण्याच्या शेड. लहानपणी वडील हिच्या नाकाखाली बेदाण्याची मूठ धरून विचारायचे, धुरीचं गंधक जास्त झालंय का. ते नाक घेऊन ताई फूड टेक्नॉलॉजी शिकल्या आणि फिरत फिरत टेक्सासला पोचल्या. सांगलीच्या सासूबाईंना मात्र त्यांनी आपण बेदाण्याच्या कंपनीत आहोत असंच सांगून ठेवलं होतं. "खोटं कुठंय? द्राक्षाचंच तर आहे की. फक्त जरा जास्त वाळवलेलं," असं म्हणून स्वतःच हसायच्या. बाटलीवर वय कसं लिहितात ते मी विचारलं, तर म्हणाल्या, "मिश्रणात जे सगळ्यात कोवळं असेल ना, त्याचं वय तेच बाटलीचं वय. आपल्या घरात बघ की, सगळ्यात धाकटं कार्टं असतं त्याच्याच वेळापत्रकावर सगळं घर चालतं."

त्यांचं धाकटं आणि थोरलं कार्टं एकच, इशान. नवरा पाच वर्षांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. ग्रीन कार्डची रांग संपायची चिन्हं नव्हती. आई कामाच्या व्हिसावर, मुलगा आईच्या व्हिसावर. नोकरी गेली तर दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला हातात साठ दिवस, हे आम्हा सगळ्यांनाच पाठ असतं. मी तर झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. इशानचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होतं. "मे महिन्यात त्याचं ग्रॅज्युएशन झालं की मला कुणी हाकलू दे," असं ताई म्हणायच्या.

त्यांच्या नाकाचा दरारा असा होता, की एकदा त्यांनी आंद्रेंचं सॅम्पल सरळ परत पाठवलं. कारण काय, तर "नव्या रबरी चपलेचा वास येतोय". म्हातारा भडकला. विमानात बसून इथे आला. दोघं समोरासमोर बसले आणि एकाच ग्लासातून आळीपाळीने वास घेत राहिले. अर्ध्या तासाने आंद्रेंनी मान खाली घातली. परत गेल्यावर त्यांना सापडलं, एका टाकीला नवा पाइप जोडला होता. तेव्हापासून ते ताईंना 'मादाम' म्हणत. आमचा मालक ग्रेग आल्यागेल्याला हा किस्सा सांगायचा.

नोव्हेंबरात ताईंना फ्लू झाला. आठवड्याने ताप उतरला आणि एका शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "केतके, दूध करपलं गं. मी शेजारीच उभी होते. इशान वरून ओरडत आला, मॉम, समथिंग्ज बर्निंग! मला कळलंच नाही." मी म्हटलं, सर्दी असेल. "हिंगाची डबी नाकाला लावली. व्हिक्स लावलं. चप्पल लावली गं नाकाला! काही नाही. पोरी, काहीच नाही." त्या रडत नव्हत्या, म्हणूनच मी जास्त घाबरले.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित सहा महिने, कदाचित वर्ष, कदाचित नाही. सहा महिने म्हणजे मे. मग आम्ही एक बेत ठरवला. ग्लास तयार करून आणायचं काम माझ्याकडे घेतलं. पँट्रीत मी वास घ्यायचा आणि ग्लास ठेवताना मराठीत तीन शब्द सांगायचे. ताई ते ग्रेगसमोर इंग्रजीत फुलवून सांगणार. त्यासाठी त्यांनी मला पंधरा दिवस घासलं. खारीक आणि अंजीर यांत फरक काय, सुकं खोबरं कधी आणि खवट खोबरं कधी, उगाळलेलं चंदन कुठलं आणि कपाटातलं जुनं लाकूड कुठलं. "फुलाफळांची नावं घेऊन कविता करू नकोस. स्वयंपाकघरात जा आणि डबे उघड," असं बजावायच्या. ग्रेगला वाटायचं आम्ही चहाबद्दल बोलतोय. तो हसला की मला दरदरून घाम फुटायचा. ताईंचा चेहरा मात्र जसाच्या तसा. फक्त टेबलाखाली त्यांचा पाय सारखा हलत असायचा, तो मला दिसायचा.

दोन सॅम्पलं निभावली. तिसरं डिसेंबरात आलं. बाहेरून येणाऱ्या मालावरची ड्यूटी वाढणार, वाढणार नाही, दर आठवड्याला नवी बातमी. ग्रेगला कंटेनर लवकरात लवकर बोटीवर हवा होता. तो कॉफीचा मग घेऊन खोलीतच येऊन उभा राहिला. मी पँट्रीत ग्लास नाकाशी नेला. खारीक आली, सुकं खोबरं आलं. सगळं छान. आणि अगदी शेवटी, वास ओसरता ओसरता, ओलं गोणपाट. मी पुन्हा घेतला. होतं. तिसऱ्यांदा घेतला, तर आहे की नाही तेच कळेना. माझं नाक पंधरा दिवसांचं! चुकले तर? नको म्हटलं आणि सगळं ठीक निघालं तर? ग्रेग विचारणार, मग ताईंना परत हुंगायला लावणार, आणि मग दोघींचं बिंग फुटणार. माझाही व्हिसा याच कंपनीचा. बाहेरून ग्रेगने हाक मारली. मी ग्लास नेऊन ठेवला.

"कसं आहे गं?" ताईंनी विचारलं.

"ठीक," मी म्हटलं.

ताईंनी ग्लास नाकाशी धरला, डोळे मिटले, जरा थांबल्या. मग पेन उचलून सही केली.

फेब्रुवारीत कंटेनर उतरला. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात डॅलसच्या एका रेस्टॉरंटने बाटली परत पाठवली. मग दुसऱ्याने. मग दुकानं फोन करायला लागली, तळघरासारखा वास येतोय म्हणून. तिकडे फ्रान्सला एका फिल्टरला बुरशी धरली होती, असं नंतर कळलं. ग्रेगने आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक बाटली उघडी होती, आणि आता तर तो वास मला दारातूनच आला. ताईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, नोव्हेंबरपासून मला वास येत नाही, मी लपवलं. ग्रेग लालबुंद झाला. त्याने विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? तो माझ्याकडेच बघत होता.

"नोबडी," ताई म्हणाल्या. "शी जस्ट वॉश्ड द ग्लासेस."

मी तोंड उघडलं नाही. लाज वाटली, पण खरं सांगते, त्या क्षणी लाजेपेक्षा सुटल्याचंच जास्त वाटलं. त्याचीच लाज अजून जात नाही.

ताईंची नोकरी त्याच दिवशी गेली. साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही. नाक नसलेल्या नाकवालीला कोण ठेवणार? मेच्या सुरुवातीला घर रिकामं झालं. इशानचं ग्रॅज्युएशन तीन आठवड्यांवर होतं. शाळेने दिलेला गाऊन त्याने प्लास्टिकच्या पिशवीसकट माझ्या हातात ठेवला. "केतकी मावशी, कॅन यू रिटर्न धिस?" एवढंच बोलला आणि बॅगा उचलायला गेला. पुढे शाळेने सर्टिफिकेट सांगलीला पाठवलं, पण स्टेजवर नाव पुकारायचं राहिलं ते राहिलंच. विमानतळावर ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं.

सांगितलं ते सात महिन्यांनी, एका रविवारी, फोनवर. ताई भावाच्या बेदाण्याच्या शेडचा हिशेब बघतात, इशान पुण्याच्या कॉलेजात जातो. थोडाथोडा वास परत यायला लागलाय, फोडणी कळते, असं त्या आनंदाने सांगत होत्या आणि मला ते सहन होईना. मी मध्येच म्हटलं, "ताई, त्या दिवशी मला गोणपाटाचा वास आला होता. मी घाबरले. मी ठीक म्हटलं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"मला माहीत होतं की," त्या म्हणाल्या. "एरवी तीन शब्द सांगायचीस. त्या दिवशी एकच सांगितलास."

"मग सही का केलीत?"

"सॅम्पल परत केलं असतं, तर आंद्रे आला असता. समोर बसला असता ग्लास घेऊन. मी काय करणार होते? तू ठीक म्हणालीस आणि मला इतकं बरं वाटलं गं. मला तेच ऐकायचं होतं. तुला वाटतं तू एकटीच घाबरली होतीस? पोरी, तुझ्यापेक्षा मी जास्त घाबरले होते. म्हणून दुसऱ्यांदा विचारलंच नाही तुला."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "ग्रेगला आता काही सांगायला जाऊ नकोस हं. माझं झालं ते झालं."

मी सांगितलेलं नाही. कंपनीचं नाव या लेखात कुठे नाही, मालकाचं नाव ग्रेग नाही आणि केतकी हे माझंही खरं नाव नाही. हा कागद कुणाच्या हाती लागेल या धास्तीने दोनदा फाडला होता. ताईंचं नाव तेवढं खरं ठेवलंय. तेही बदलू का म्हणून विचारायला फोन केला, तर हसल्या.

"घाल की खुशाल," म्हणाल्या. "मला आता कुठून काढणार आहेत?"