शालूआत्याच्या चढणीसाठी टायर आणि अ‍ॅक्सल

गणपतीत आम्ही सगळे धारवाडला अण्णाच्या घरी जमलो होतो. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ, वकील. जेवणं झाल्यावर त्यानं हात पुसता पुसता निकाल दिल्यासारखं सांगितलं, "दिवाळीच्या आत शालूआत्याला कायमचं खाली आणायचं. गाडी जात नाही तिथं सदुसष्ट वर्षांच्या बाईनं एकटं राहायचं म्हणजे काय?"

शालूआत्या आमच्या वडिलांची धाकटी बहीण. जोयड्याच्या पुढं जंगलातल्या एका वाडीत तिनं जन्मभर मुलांना शिकवलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिथंच शाळेजवळ दोन खोल्या बांधल्या, थोडी सुपारी लावली आणि राहिली. डांबरी रस्ता वाडीच्या बराच अलीकडं संपतो. पुढं ओढा, मग तांबड्या मातीची चढण. पावसाळ्यात ती चढण इतकी खचते की पंचायतीची गाडीसुद्धा ओढ्यापाशी थांबते.

"मग गाडी जाईल असं करू की," मी म्हणाले.

सगळे हसले. वहिनीसुद्धा. माझी जीप जुनी आहे, तिचा रंग उडालाय, पण तिच्या चारही चाकांना इंजिनचा जोर जातो आणि तिचा प्रत्येक नट मला माहीत आहे. मी हुबळीत डिप्लोमाच्या मुलांना यंत्रांचा विषय शिकवते. घरात मात्र 'वैजूला गाडीचं वेड आहे' यापलीकडं कुणी काही म्हणत नाही, आणि वेड म्हटलं की ऐकून घ्यायची गरज उरत नाही.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. "तुझी गाडी तिच्या अंगणात पोचली तर मी हा विषय परत काढणार नाही. नाही पोचली तर तिथूनच तिचं सामान बांधायचं. आणि मी सोबत येणार. तू फोटो दाखवशील ते मला चालायचं नाही."

"ये की," मी म्हणाले. या प्रवासाची सुरुवात ही अशी झाली.

ज्यांना आपल्या गाडीला मोठे टायर घालायची इच्छा आहे, त्यांनी पुढचा भाग नीट वाचा. बाकीच्यांनी सरळ हळियाळच्या नाश्त्यावर जावं.

हुबळीतल्या टायरच्या दुकानात गेलं की आधी सगळ्यात मोठा टायर दाखवतात. "मॅडम, हे घाला, गाडी वाघासारखी दिसते." गाडी कशी दिसते हा माझा प्रश्नच नव्हता. एवढा मोठा टायर वळताना मडगार्डला घासतो, स्टेअरिंग जड होतं, ब्रेक लागायला वेळ लागतो, आणि गिअर होता तोच राहिल्यामुळं चढावर इंजिनचा दम जातो. शिवाय कागदपत्रांत बसत नाही ते वेगळंच. मी मूळच्यापेक्षा एकच माप मोठा टायर घेतला, खोल खाचांचा, चिखल धरून न ठेवणारा. दुकानदार हिरमुसला. गाडी जमिनीपासून बोट-दीड बोट वर उचलली गेली, आणि खडकाळ वाटेवर तेवढं पुरतं.

खरा वाद जुन्या हुबळीत मेहबूबभाईंच्या गॅरेजात झाला. ते माझी गाडी कित्येक वर्षं बघतात.

"टायर बसवू. अ‍ॅक्सल कशाला बदलायचा री? आहे तो चांगलाय की," ते म्हणाले.

"आहे त्या टायरसाठी चांगला आहे."

"तुटला तर मग बघू."

"तुटेल तो त्या चढणीवर तुटेल, मेहबूबभाई. तिथं तुम्ही असणार नाही."

इंजिनचा जोर चाकापर्यंत पोचवणारा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्ट. टायर लहान असला तर जास्त जोर आला की तो जागच्या जागी फिरतो, घसरतो, आणि दांडा वाचतो. टायर मोठा आणि खाचांचा असला की तो जमीन सोडत नाही. मग कुणीतरी हार मानायची असते, आणि ती दांडा मानतो. म्हणून नुसते टायर मोठे करणं म्हणजे दुखणं चाकातून काढून पोटात ढकलणं. हे मी त्यांना एका जुन्या शाफ्टवर खडूनं रेघा मारून समजावलं. ते विडी विझवून ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलांना असंच शिकवता?"

"असंच."

"मग ते माझ्याकडं कामाला का येत नाहीत?"

 शेवटी जाड, चांगल्या पोलादाचे शाफ्ट बाहेरून मागवायला ते तयार झाले. पुढचे आणि मागचे, दोन्ही. बसवताना बेअरिंगं आणि सीलंही नवी घातली. मागचे स्प्रिंगचे पाटे त्यांनी स्वतःहून काढून बघितले आणि त्यातलं एक तडकलेलं पान बदललं. ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. एकूण खर्च एका बऱ्यापैकी फ्रिजएवढा झाला. माझा घरचा फ्रिज अजून जुनाच आहे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी उजाडताच मी निघाले आणि धारवाडात अण्णाला घेतलं. त्यानं बूट घातले होते, छत्री घेतली होती आणि आत्याचं सामान बांधायला म्हणून दोन रिकाम्या मोठ्या पिशव्याही. त्या त्यानं माझ्यासमोर घडी घालून मागच्या सीटवर ठेवल्या.  माझ्याकडून आत्यासाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक स्टोव्हची पिन होती.

धारवाड ते हळियाळ रस्ता चांगला आहे, मध्ये काही ठिकाणी खड्डे. मोठ्या टायरांचा डांबरावर घूं-घूं आवाज येतो, त्याची सवय करून घ्या. काटा दाखवतो त्याहून गाडी थोडी जास्त वेगात असते, हेही लक्षात ठेवा. हळियाळच्या स्टँडजवळ पुरीभाजी आणि शिरा खाल्ला, गरम आणि स्वस्त. अण्णानं दोनदा चहा घेतला आणि पहिल्यांदा मूळ विषयावर आला.

"वैजू, तुला असं वाटतं का, की मी आत्याचा शत्रू आहे?"

"नाही. पण तू तिला विचारलंयस का?"

"विचारून ती काय सांगणार? नाहीच म्हणणार."

"मग ते तिचं उत्तर झालं की."

दांडेलीपर्यंत तो फोनवर कोर्टाची कामं उरकत होता. पुढं जंगल दाट होतं, रस्ता अरुंद. टाकी दांडेलीत भरून घ्या, पुढं भरवसा नाही. जोयड्यानंतर वनखात्याच्या नाक्यावर थांबावं लागतं. कुणाकडं चाललात ते सांगावं लागतं आणि अंधाराच्या आत परत यावं लागतं, नाहीतर मुक्काम वाडीतच. ही वाट मजेसाठी नाही. वाडीत तुमचं कुणी असेल तरच जा, उगाच ओढ्यात गाडी घालून चिखल उडवायला जाऊ नका.

नाक्यावरच्या गार्डनं आधी टायर बघितले, मग मला. "म्याल होगब्याड्री," तो म्हणाला. वर जाऊ नका. मग अण्णाकडं वळून त्यानं विचारलं, "गाडी तुम्ही चालवणार ना, सर?"

"मला सायकलसुद्धा येत नाही," अण्णा म्हणाला. मी गाडी सुरू केली.

ओढ्यात पाणी गुडघ्याच्या खाली होतं. मी उतरून काठीनं तळ चाचपला, मग हळू पार केलं. चढण समोरच उभी होती. पाण्यानं मधोमध नाल्यासारखी खोल चर पाडली होती. डावीकडं मऊ माती, उजवीकडं खडक. चाकं चरीच्या दोन्ही बाजूंना ठेवायची तर डावं चाक मातीत घसरणार, हे दिसतच होतं. तरी मी तशीच घातली. अर्ध्यावर डावं मागचं चाक चरीत उतरलं आणि गाडी तिरकी होऊन थांबली. अण्णानं समोरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"झालं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, एवढं कबूल करते. "वैजू, झालं. मागं घे."

मागं तर घ्यायचंच होतं. सावकाश खाली आले, ओढ्याकाठी थांबले आणि चारही टायरमधली हवा कमी केली. हवा कमी झाली की टायर पसरतो आणि दगडाला धरतो. (डांबरावर परत यायच्या आधी पंपानं भरून घ्यायची, नाहीतर टायर रिमवरून निघतो.) अण्णा उतरून चढणीकडं बघत उभा होता. मग त्यानं बूट काढले, पँट वर दुमडली आणि विचारलं, "तो चपटा दगड चरीत टाकला तर?"

मी बघितलं. बरोबर जागा होती.

आम्ही दोघांनी मिळून दगड टाकले, चार-पाच मोठे आणि वर बारीक. कोर्टात आवाज चढवणारा माझा भाऊ घामानं निथळत होता, आणि एक दगड त्यानं माझ्या हातातून काढून स्वतः उचलला. "मी इथं उभा राहतो," तो चढणीच्या मध्यावर जाऊन म्हणाला. "हात वर केला की थांब."

लो रेंज, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त, पहिला गिअर, क्लचवर पाय नाही. गाडी मुंगीसारखी चढायला लागली. दगडांवर मागचं चाक आलं तेव्हा गाडी एकदा थरथरली. टायरनं खडक धरला होता, इंजिन ढकलत होतं, आणि मधला तो दांडा दोघांच्या कात्रीत होता. माझे कान सगळे मागं लागले होते. काही तुटल्याचा आवाज आला नाही. चाक वर आलं. अण्णानं हात वर केलाच नाही, तो उलटा उलटा चालत वर सरकत राहिला, आणि माथ्यावर पोचल्यावर एका दगडावर टेकला.

"आता चढ की गाडीत," मी म्हणाले.

"थांब जरा. आधी पाय धुऊ दे, तुझी गाडी घाण होईल. पाणी आहे?"

मी पाण्याची बाटली खाली दिली. 

आत्या अंगणातच होती. इंजिनचा आवाज ऐकून उभी राहिली होती, कपाळावर हात धरून. "कोण आहे?" तिनं विचारलं. मी दहा पावलांवर होते.

"आत्या, मी वैजू."

"आणि मागं कोण?"

"मी आहे, आत्या," अण्णा माझ्याकडं बघत म्हणाला. भाकरी घेताना तिनं आधी पिशवी चाचपली, चुलीवरचं भांडं हातानं अंदाज घेत उतरवलं. चहा ओतताना कपाच्या कडेला बोट लावून ठेवलं.

"डोळ्याला काय झालंय?" अण्णानं विचारलं.

"मोतीबिंदू. दोन्हीकडं. उजवा पिकलाय असं आरोग्याची बाई म्हणाली."

"कधीपासून?"

"झाला की वर्ष-दीड वर्ष."

अण्णाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता तो जिंकला. पिशव्या गाडीत होत्याच. पण तो नुसता एवढंच म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला उचलून नेलं असतंस," आत्या शांतपणे म्हणाली. "ऑपरेशन झालं असतं. मग इतकी लांब कशाला जातेस, रस्ता नाही, असं सगळ्यांनी म्हटलं असतं. मी कुणाच्या जिवावर परत आले असते? दिसत नाही तर नाही. हे अंगण मला डोळे मिटूनही येतं." मग ती माझ्या दिशेनं वळली. "वैजू, ही गाडी परत वर चढेल?"

"चढेल."

"मला घेऊन?"

"तुला घेऊन."

"पाऊस असला तरी?"

"ओढा उतरला की येईन. भर पुरात नाही, खोटं सांगणार नाही."

तिनं कप खाली ठेवला. "मग चला. उद्या सकाळी निघू. कोंबड्या शेजारी ठेवते."

अण्णा उठला आणि कोंबड्या पकडायला लागला.

रविवारी उतरताना आत्या माझ्या शेजारी बसली होती. उतार चढणीपेक्षा अवघड असतो, लक्षात ठेवा. पहिल्या गिअरमध्येच उतरा, ब्रेकवर उभं राहू नका. तिला चर दिसत नव्हती, पण प्रत्येक दगड ती आधीच सांगत होती: "आता डावीकडं आंब्याचं मूळ आहे." ते होतंच.

हुबळीच्या देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी आधी उजवा, मग डावा डोळा केला. आत्या अण्णाकडं राहिली. वहिनीनं तिच्यासाठी खालची खोली रंगवून घेतली होती, खिडकीला नवे पडदे लावले होते. मला भीती वाटली की आता पडदे जिंकतील. पण डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर अण्णानंच फोन केला. "शनिवारी मोकळी आहेस? तिला सोडून यायचंय. हवा भरायचा पंप मी घेतलाय, तुझा फारच हळू आहे."

शब्द दिल्याप्रमाणे तिला अंगणात उतरवून आम्ही परतलो. जीपखाली झोपून मेहबूबभाईंनी सगळं तपासलं, शाफ्ट हातानं फिरवून बघितले आणि बाहेर येऊन नुसतं "आयतू" म्हणाले. ठीक आहे म्हणून.

या प्रवासातून माझ्याकडं काय राहिलं, याचा मी विचार करते आहे. घरात माझ्याकडं बघायची नजर बदलली म्हणावं तर तसं फारसं नाही. परवाच एका चुलतभावानं विचारलं, एवढ्या टायरांची खरंच गरज होती का. मी त्याला म्हटलं, तू एकदा ओढ्यापासून वर चालत जा, मग बोलू. आता मला कुणाला पटवायची घाई नाही. ओढा उतरला की येईन, हा आत्याला दिलेला शब्द मात्र मला दरवर्षी पाळावा लागणार आहे, आणि त्याचं ओझं अ‍ॅक्सलवर नाही, माझ्यावर आहे. ते मला चालतं.

काल आत्याचा फोन आला. वाडीत फोन लागायचा तर तिला शाळेमागच्या खडकावर चढावं लागतं. चढली होती.

"वैजू, समोरची टेकडी आता स्पष्ट दिसते गं," ती म्हणाली. "माथ्यावरचं मोठं किंदळाचं झाड कुणीतरी तोडलंय. मला इतके दिवस कळलंच नाही. कुणी तोडलं ते शोधून काढते मी. सोडत नाही त्याला."