कर्ल्यू आणि गाठिया

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी ओहोटीची वेळ बघून मी भाईंदरच्या खाडीवर गेले. मला कर्ल्यू बघायचा होता. खाली वाकलेल्या लांबलचक चोचीचा हा पाहुणा पक्षी गेल्या वर्षी माझा हुकला होता. दुर्बीण धरून हात भरून आले, तेव्हा कुठे तो चिखलावर उतरला. आता चोच खुपसणार, एवढ्यात डोक्यावर कलकलाट झाला.

माझ्या मागे एक काका गाठिया उधळत होते. सीगल, कावळे, घारी, सगळे तुटून पडले होते. कर्ल्यू उडाला आणि बराच लांब जाऊन बसला.

"बेटा, कब से खाली कीचड़ देख रही है," काका खूश होऊन म्हणाले. "ले, तेरे लिए सबको बुला लिया!"

मला ओरडावंसं वाटलं. तोंडातून निघालं, "थँक्यू अंकल."

"तू भी डाल ना." त्यांनी माझ्या हातात मूठभर गाठिया ठेवला. ते बघत उभे होते, म्हणून मी तो समोर चिखलावर उधळला. सीगलचा थवा तिकडे वळला आणि कर्ल्यू खाडीपलीकडे निघून गेला.

काकांनी टाळ्या वाजवल्या.