वलसाडला न गेलेला सोमवार

डहाणूच्या आमच्या रेल्वे कॉलनीत दुखण्याचे दोनच प्रकार आहेत. ताप, खोकला, जुलाब गावातच निस्तरायचे आणि मोठं काही निघालं की गाडीनं वलसाडचं मोठं इस्पितळ गाठायचं. सकाळच्या गाडीला कुणी बगलेत फाईल धरून उभं दिसलं की कॉलनी काय ते समजते आणि काही विचारत नाही. माझी धाकटी बहीण वर्षभर अशी जात राहिली. छातीतल्या गाठीनं ती गेली.

गेल्या भातकापणीच्या दिवसांत माझी सहावीतली लेक आंघोळ करून आली आणि म्हणाली, डाव्या बाजूला छातीत काहीतरी टणक लागतंय, दुखतंय. मी हात लावून पाहिलं. चिकूच्या बीएवढं काहीतरी होतं, आणि एकाच बाजूला. मला बहिणीचीच गाठ आठवली. तिला म्हटलं, काही नाही, होईल बरं. नवरा ड्यूटीवरून आल्यावर त्याच्या कानावर घातलं. सोमवारी वलसाडला जाऊ, एवढंच तो बोलला. मग आम्ही दोघं स्वतःच्याच घरात चोरांसारखे कुजबुजू लागलो.

मी तलासरी तालुक्यात उधव्याच्या शाळेत मराठी शिकवते. त्याच आठवड्यात शुक्रवारी तिथे मुलींना वयात येण्याविषयी सांगायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या. मुलींना गप्प बसवायचं काम माझ्याकडे. घरची कापणी सोडून आलेल्या त्या पोरी ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या, आणि मी मनानं सोमवारच्या गाडीत बसले होते.

डॉक्टरबाईंनी फळ्यावर एक डोकं काढलं आणि त्यात एक ठिपका दिला. ही वाटाण्याएवढी ग्रंथी, म्हणाल्या, इथून हुकूम सुटतात, मग उंची, केस, पाळी सगळं आपापल्या वेळेला सुरू होतं. आणि अगदी सहज पुढे म्हणाल्या, "बहुतेक मुलींना आधी छातीत छोटीशी गाठ लागते. पुष्कळदा एकाच बाजूला. दुखतेसुद्धा. दुसरी बाजू काही महिन्यांनी सुरू होते. घाबरायचं नाही."

मी भिंतीपाशी उभी होते, ती मुलींच्या रांगेत खालीच बसले. शेजारच्या मुलीनं सरकून जागा दिली. जिला मी मरणाची गाठ समजून बसले होते, ती माझ्या लेकीची वाढ होती. माझ्याही अंगात हे कधीतरी घडलं असणार, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आईनं पाळीचं सांगितलं होतं, तेही बाजूला बसण्यापुरतं. फळ्यावरच्या त्या ठिपक्याकडे मी देव्हाऱ्याकडे पाहावं तशी पाहत राहिले. एवढासा दाणा, आणि कुणी न सांगता त्याला वेळ कळते.

कार्यक्रम संपल्यावर मी डॉक्टरबाईंना फाटकापाशी गाठलं. लेकीचं आणि माझ्या बहिणीचं ऐकून त्या म्हणाल्या, न बघता मी काही बोलणार नाही, संध्याकाळी डहाणूत माझ्या दवाखान्यात तिला घेऊन या. संध्याकाळी त्यांनी लेकीला नीट तपासलं, तेच ते आहे म्हणाल्या, आणि तिलाही कागदावर तो ठिपका काढून दाखवला. तिनं तो कागद मागून घेतला.

परतताना सागर नाक्यावर ती मध्येच थांबली.

"मग आता वलसाडला नाही ना जायचं?"

आम्ही तिच्यासमोर वलसाडचं नावही काढलं नव्हतं. तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

"मी ऐकलं होतं. मावशी पण तिथेच जायची. तू घाबरशील म्हणून बोलले नाही."

इतके दिवस ती जेवली, शाळेत गेली, गणितं सोडवली, आणि पोटात हे घेऊन वावरली. एवढ्याशा पोरीत एवढं बळ कुठून आलं, ते कुठल्या फळ्यावर काढून दाखवता येईल असं मला वाटत नाही. मी तिचा हात धरला आणि रस्त्यातच रडले.

थोडं चालल्यावर तिनं विचारलं, दुसरी बाजू कधी सुरू होणार? म्हटलं, होईल तिच्या वेळेला.

सोमवारी सकाळची गाडी आम्ही घरातूनच ऐकली. लेक वेणी घालून घेत होती.