हडळीला माफी

माझ्या आईने आजवर कोणाची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. पण टीव्हीवर कोणी माफी मागितली की ती पदर ओला होईपर्यंत रडते. गेल्या वर्षी भावाच्या मुलीचं बारसं होतं म्हणून मी आदल्या दिवशी सोनपेठजवळच्या आमच्या गावी गेले. घरात पाय ठेवत नाही तोच आई म्हणाली, "आज शेवटचा भाग हाय. घुगऱ्यांचं उद्या बघू."

मालिका हडळीची होती. एका बड्या घरच्या सुनेवर आळ येतो की घरातलं तान्हं मूल हिने खाल्लं. सासू तिला विहिरीत ढकलते. ती हडळ होऊन परत येते आणि दीड वर्षं, रविवार वगळून रोज, त्या घराला छळते. आमच्या गल्लीतल्या बायकांना स्वतःच्या नणंदांचे वाढदिवस माहीत नसतील, पण हडळ कोणत्या वारी कोणाच्या अंगात शिरली ते तोंडपाठ होतं. त्या संध्याकाळी सात वाजता आमच्या बैठकीत दहा-बारा जणी जमल्या. भावजय बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती आणि ते दार लोटून घेतलेलं होतं.

दार लोटून घेतलं होतं ते मोठीआईमुळे. मोठीआई म्हणजे माझी थोरली चुलती. शेजारीच राहते, एकटी. तीही मालिका बघायला यायची आणि उंबऱ्याच्या आत, चपला निघतात तिथे, भिंतीला टेकून बसायची. तिला कोणी येऊ नको म्हणायचं नाही. असं तोंडावर बोलायची आमच्या घरी रीत नाही.

एके काळी गल्लीतलं प्रत्येक मूल तिच्या पायावर न्हालं. पाटावर बसायची, पाय लांब करायची, त्यावर बाळ पालथं घालून तेल जिरवायची, टाळू भरायची, शेवटी धुरी द्यायची. मला आणि माझ्या भावालाही तिनेच न्हाऊ घातलं. माझं नाक तिने रोज ओढून सरळ केलं असं ती सांगते. ते फारसं सरळ झालं नाही, हा भाग वेगळा.

मग तेरा-चौदा वर्षांपूर्वी समोरच्या घरातलं एक बाळ नवव्या दिवशी गेलं. कावीळ झाली होती आणि दवाखान्यात न्यायला उशीर झाला, असं परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण त्या सकाळी त्याला मोठीआईने न्हाऊ घातलं होतं. कोणी भांडलं नाही, कोणी आळही घेतला नाही. फक्त बाळंतिणीच्या घरून तिला बोलावणं येईना. ती रस्त्याने निघाली की तान्ह्या पोरांच्या तोंडावर पदर यायला लागले. "नजर जड हाय तिची," एवढंच बायका म्हणायच्या, आणि तेही हळू आवाजात.

त्या संध्याकाळी एका तासात सगळ्यांची पापं धुऊन निघाली, तीही जाहिराती धरून. हडळीने त्याच घरातल्या नातवाला आगीतून बाहेर काढलं. मूल तिने खाल्लंच नव्हतं, हे दीड वर्षाने सिद्ध झालं. सासूने तिच्या उलट्या पायांवर डोकं ठेवलं, हडळीने तिला माफ केलं, पाय सुलटे झाले आणि ती उजेड होऊन आभाळात गेली. आमच्या बैठकीत नुसती मुसमुस चालली होती. "लय सोसलं गं बिचारीनं," आई म्हणाली. समोरच्या घरची बाई, जिचं बाळ गेलं होतं, तीही नाक पुसत होती. मला सगळ्यांचा इतका राग आला की टीव्ही उचलून अंगणात टाकावासा वाटला.

मोठीआई तेवढी रडत नव्हती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं झालं, सुटली," म्हणाली, "मेल्यावर का व्हईना." चपला घालून ती गेली.

बायका पांगल्यावर मी आईला म्हटलं, "उद्या मोठीआईला बोलवायचं. नुसतं बसायला नाही. बाळाला हात लावू द्यायचा."

"ते टीव्हीतलं हाय बाई," आई म्हणाली.

"तू आत्ता रडत होतीस ना?"

आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "तू दिली होतीस का तुझी पोर तिच्या पायावर?"

नव्हती दिली. आठ वर्षांपूर्वी मी बाळंतपणाला इथेच आले होते. तिसऱ्या दिवशी मोठीआई बाह्या सरसावून आली, पाट कुठाय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आत्ताच झोपलीय. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. त्यानंतर तिने विचारलं नाही. आईने मला काही शिकवलं नव्हतं, ते माझं मीच बोलले. मी शाळेत विज्ञान शिकवते. कावीळ कशाने होते ते दर वर्षी फळ्यावर लिहून देते.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिच्या घरी गेले. म्हटलं, बारशाला यायचं, आणि पाळण्यापाशी उभं राहायचं. "तुझी आई काय म्हणती?" तिने विचारलं. मी म्हटलं, आत्या मी आहे, आजचा मान माझा आहे. ती हसली. तेरा-चौदा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. येताना ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली.

आमच्याकडे नाव ठेवण्याआधी पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि बाळाला पाळण्याच्या खालून, वरून एकमेकींच्या हातात देतात. एका बाजूला मी होते. "मोठीआई, तू ये समोर," मी सगळ्यांदेखत म्हटलं. घुगऱ्या वाटणारा आईचा हात थांबला. मोठीआई पुढे आली, पदर खोचला, वाकली आणि पाळण्याखालून दोन्ही हात पुढे केले.

मी बाळ घेऊन वाकले. कुंचीतून बाळाचा चेहरा दिसत होता. तो मला जरासा पिवळा वाटला. मांडवाच्या पिवळ्या कापडातून ऊन येत होतं, त्याचा तो रंग होता, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. तरी माझे हात पुढे जाईनात. मला कोणी अडवलं नव्हतं. पाळण्याखाली आम्ही दोघी वाकलेल्या, समोर तिचे रिकामे हात, आणि मी बाळाला छातीशी धरून तशीच.

मोठीआईने माझ्याकडे पाहिलं, मग हात मागे घेतले आणि पदराला पुसले.

"माझ्या हाताला तेल हाय बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चुलीपाशी होते. पोरीची कुंची खराब व्हईल. दुसरीला दे."

चुलीपाशी तिला कोणी जाऊच दिलं नव्हतं. मी बाळ भावजयीच्या आईच्या हातात दिलं. सगळ्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि सगळ्यांत आधी तो मी सोडला.