म्हणतात आणि दाखवतात

निर्मलाताई टोकेकरांची आणि माझी ओळख एका बिस्किटाच्या पुड्याने झाली. लग्न होऊन मी झाशीत, खंडेराव गेटजवळच्या सासरी आले, तेव्हा सासूबाई सोडल्या तर घरातल्या सगळ्यांची मराठी समजण्यापुरतीच उरली होती. प्रेम नगरात एक निवृत्त रसायनशास्त्राच्या शिक्षिका राहतात आणि त्या अजून पोटभर मराठी बोलतात, असे कळले. निव्वळ त्या ओढीने मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून ‘हृदयाला हितकारक’ अशी बहुधान्य बिस्किटे नेली होती.

ताईंनी पुडा घेतला, चष्मा चढवला आणि म्हणाल्या, “बस गं. तुझ्या फोनवर यांची वेबसाइट लाव जरा.”

मला वाटले, बाईंचे काहीतरी बिनसले आहे. पण ताई पान तळापासून वर वाचत गेल्या. ‘हितकारक’ या शब्दाशेजारी एक बारीकशी चांदणी होती. तिचा माग काढत त्या पुन्हा खाली तळटिपेपर्यंत पोचल्या. तिथे लिहिले होते, ‘संतुलित आहार व नियमित व्यायामासोबत’. घटकांच्या यादीत पहिला होता मैदा. “म्हणजे व्यायाम हितकारक आहे,” ताई म्हणाल्या. “फोड पुडा. चहाबरोबर छान लागतात ही. फक्त हृदयाचं नाव नको घ्यायला.”

त्यानंतर कितीतरी वर्षे माझी मंगळवारची दुपार ताईंकडे गेली. आम्ही चार-पाच जणी जमत असू. जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ताई मधोमध रेघ मारीत. डावीकडे ‘म्हणतात’, उजवीकडे ‘दाखवतात’. कुणी मध आणी, कुणी तूप, कुणी मुलांची ताकदीची पावडर. प्रयोगशाळेचा अहवाल लावला आहे का, तो कोणत्या मालाचा आणि कधीचा, ‘तज्ज्ञ सांगतात’ तर ते तज्ज्ञ कोण, हे प्रश्न ठरलेले. उजवा रकाना रिकामा राहिला की ताई कंपनीला फोन लावीत. एकदा पलीकडचा मुलगा कंटाळून म्हणाला, “माताजी, हमें तो जो स्क्रीन पर लिखा है, वही बोलना है.” ताई शांतपणे म्हणाल्या, “बेटा, वही तो मैं भी पढ़ रही हूँ.”

त्या नुसत्या चुका काढत बसत, असे मात्र कुणी समजू नये. एका लहानशा मधवाल्याने प्रत्येक खेपेचा अहवाल वेबसाइटवर लावला होता, तर ताईंनी त्याला स्वतःच्या हाताने कौतुकाचे पत्र लिहिले. बबीनाच्या लष्करी छावणीतून येणाऱ्या एका फौजी कुटुंबातल्या मुलीला शेंगदाणा चालत नसे. तिच्या खाऊच्या पानावर ‘शेंगदाणाविरहित’ लिहिले होते, पण त्याच यंत्रावर दुसरे काय तयार होते, हे कंपनीला सांगता येईना. ताईंनी तो खाऊ बाजूला ठेवायला लावला. पुढच्याच मंगळवारी मुलीच्या आईच्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. त्या कुटुंबाची बदली होईपर्यंत तो डबा रिकामा होऊन येई आणि भरून जाई.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती टाळली तर पंचाहत्तरीनिमित्तचा हा लेख ताईंच्या हाती द्यायची माझी हिंमत होणार नाही.

मी घरी मेतकूट करून विकू लागले, वेबसाइटही काढली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘एरचच्या बेतवाकाठच्या शेतातली हरभरा डाळ’. एरच झाशी जिल्ह्यातलेच गाव, आणि पहिल्या वर्षी ते अगदी खरे होते. पुढे त्या शेतकऱ्याने हरभरा लावणे सोडले, मी झाशीच्या बाजारातून डाळ घेऊ लागले आणि ती ओळ तशीच राहिली. खरे सांगायचे तर मला ती काढवेना. त्या ओळीमुळेच लोक मेतकूट मागवतात, असे माझ्या मनाने घेतले होते.

एका मंगळवारी ताईंनी माझेच पान उघडले. रेघ मारली. “एरच. कशावरून?”

“ताई, होती ना तिथली.”

“होती. आता?”

सगळ्यांसमोर माझा चेहरा उतरला. “तुम्ही मलासुद्धा त्या कंपन्यांच्या रांगेत बसवलंत,” असे काहीतरी बोलून मी उठले. ताईंनी थांबवले नाही. चार महिने मी प्रेम नगरची वाट धरली नाही. सुटले एकदाचे, असे स्वतःला सांगत होते आणि दर मंगळवारी दुपारी घरभर उगाच फिरत होते.

शेवटी ती ओळ काढली. तिच्या जागी ‘डाळ झाशीच्या बाजारातली, निवडून, घरी भाजलेली’ असे लिहिले, पूर्वीची ओळ चुकीची राहिली होती हेही लिहिले, आणि ते पान छापून ताईंकडे गेले. ताईंनी ते तळापासून वर वाचले. मग टेबलाच्या खणातून तो जुना कागद काढला. माझा कागद त्यांनी चार महिने जपून ठेवला होता. उजव्या रकान्यात लिहिले, ‘स्वतः येऊन सांगितले’. मग म्हणाल्या, “इतके दिवस लावतात का गं? चहा टाक.” मी स्वयंपाकघरात जाऊन आधी रडून घेतले. तिथे फळीवर माझ्या मेतकुटाचा डबा होता, अर्धा संपलेला.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांपायी ताई लेकाकडे नागपूरला गेल्या. जाताना प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मला देऊन गेल्या. आम्ही दोन-तीन जणी अजून जमतो, रेघही मारतो. पण ‘कशावरून?’ हा प्रश्न आमच्या तोंडी नुसता प्रश्न राहतो. ताई विचारीत तेव्हा त्यात माया असे. फोनवर त्यांचा आवाज येतो, पण मला त्यांची खुर्ची भरलेली पाहायची आहे. फार आठवण येते.

पंचाहत्तरीच्या लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. तसे एक छानसे वाक्य मी लिहिलेही होते. लगेच कानात आवाज आला, “कशावरून?” ते खोडले आणि गठ्ठ्यातला एक कागद काढून रेघ मारली. डावीकडे लिहिले आहे, ‘निर्मलाताई शंभरी गाठणार, धडधाकट राहणार आणि झाशीला येणार’. उजवा रकाना कोरा आहे. ताई, तो मला भरता येणार नाही. एखाद्या मंगळवारी या आणि तुमच्या हाताने लिहा, ‘स्वतः येऊन सांगितले’.